मी ख्रिस्ती आहे, देवाने माफ केलंय हे माहीत आहे, तरी स्वतःला माफ करता येत नाही. काय करू?

तुम्ही लिहिलंय की दुसऱ्यांना लगेच माफ करता, पण स्वतःची एक जुनी चूक काही केल्या सुटत नाही. वाचून राहवलं नाही, मी यातून गेलोय.

मी सोलापूरचा, टॉवेलच्या कारखान्यात काम. काही वर्षांपूर्वी मंडळीच्या (चर्चच्या) तरुण संघाचे पैसे माझ्याकडे असायचे. मंदीत कारखाना आठवड्यातून तीनच दिवस चालायचा, घरभाडं थकलं, मी त्यातले ८,००० रुपये वापरले, पुढच्या महिन्यात ठेवू म्हणून, आणि तो पुढचा महिना काही आला नाही. शेवटी मीच पाळकसाहेबांना सांगितलं, कमिटीपुढे उभा राहिलो, हप्त्याने सगळे फेडले. सगळ्यांनी माफ केलं. मी नाही केलं. जवळजवळ दोन वर्षं प्रभुभोजनाच्या, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि प्याला घेतात त्या रविवारी, भाकर यायच्या आत मी बाहेर गाडीपाशी जाऊन उभा राहायचो, वाटायचं हीच नम्रता.

मंडळीत एक मावशी आहेत, आयुष्यभर बिड्या वळल्या त्यांनी. एकदा गेटवर गाठून म्हणाल्या, "त्यानं वाढलंय आणि तू दर वेळी ताटावरून उठतोस, आईसमोर असं केलं असतंस काय रे?" मला तिथंच रडू आलं.

घरी जाऊन बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानाचा १८ वा आणि २१ वा अध्याय लागोपाठ वाचला. येशूला धरलं त्या रात्री त्याच्या पेत्र नावाच्या शिष्याने "मी त्याला ओळखत नाही" म्हणून नाकारलं, तेव्हा अंगणात कोळशाचा विस्तव होता, आणि पुनरुत्थानानंतर किनाऱ्यावर येशूकडे पण कोळशाचाच विस्तव, त्यावर मासे. तीनदा नाकारलं म्हणून तीनदा विचारतो, माझ्यावर प्रीती करतोस का. म्हणजे काही झालंच नाही असं तो म्हणत नाही, पेत्राला वाईटही वाटतं, पण आधी न्याहारी देतो मग विचारतो. पैसे घेऊन येशूला धरून देणाऱ्या यहूदालाही पस्तावा झालाच होता की, ३० नाणी परत केली त्याने, पण येशूकडे न येता एकटाच निघून गेला. हा फरक मला फार मोठा वाटतो.

योहानाच्या पहिल्या पत्रात, १ योहान १:९ मध्ये, आपल्या मराठी शास्त्रात (बायबलात) "पापे पदरी घेणे" असे शब्द आहेत. मंदी होती, भाडं होतं असली कारणं न देता "मी घेतले" म्हणणं. ते मी केलं होतं. पण त्याच वचनात पुढे क्षमा आहे, तिच्यावर माझा विश्वासच नव्हता, त्याने निकाल दिला तरी मी त्याच्यावर वरचं कोर्ट उघडून बसलो होतो.

अजूनही दानाची पिशवी पुढे आली की पोटात खड्डा पडतो. तेव्हा १ योहान ३:२० आठवतो, देव आपल्या मनापेक्षा थोर आहे. पैशाचं काम परत मागितलं नाही, ते दुसऱ्याकडेच बरं, कृपा मिळाली म्हणजे सगळं पूर्वीसारखं होतं असं नाही.

तुमची कुणाची भरपाई राहिली असेल तर आधी ती करा. झाली असेल तर येत्या प्रभुभोजनाला उठून जाऊ नका, हात थरथरले तरी प्याला घ्या, माझेही थरथरले होते.