योग शिकवायचा असेल तर आधी कोर्स करावा की आधी वर्ग सुरू करावा?

तुम्ही लिहिलंय की निपाणीत घरीच मोबाईलवर बघून दोन वर्षं योगासनं करताय, आता शेजारच्या बायका 'आम्हालाही शिकवा' म्हणून मागं लागल्यात. तर कोर्स करून मग वर्ग काढावा की सरळ सुरू करावं, आणि बाकीचे लोक या वाटेला कसे लागले, असं विचारलंय. दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो. पहिल्याचं उत्तर मला त्यातच सापडलं.

मी बेळगावात अनगोळला राहतो. उद्यमबागेतल्या एका कारखान्यात अठरा वर्षं लेथ चालवला. लेथवरचा माणूस आठ तास उभा असतो, कंबरेतून जरासा पुढं झुकलेला, नजर जॉबवर, म्हणजे मशीनला लावलेल्या तुकड्यावर, आणि भार बहुतेक वेळ एकाच पायावर. पस्तिशीत कंबर धरली. उजव्या मांडीमागून पोटरीपर्यंत चमक जायची. एक्स-रे झाला, पट्टा झाला, ट्रॅक्शन झालं. दुखणं थोडं हटलं की मी परत मशीनवर आणि पंधरा दिवसांत परत अंथरुणात. शेवटी डॉक्टरच म्हणाले, आता व्यायामाशिवाय गत्यंतर नाही, पण कुणातरी जाणत्याच्या नजरेखाली करा. गल्लीतल्या देवळात एक निवृत्त शिक्षक पहाटे साडेपाचला योगवर्ग घ्यायचे, तिथं जाऊन उभा राहिलो. योगाची ओढ वगैरे काही नव्हती. मला फक्त शिफ्ट उभ्यानं पार पाडायची होती.

पुढं कळलं की त्या सभामंडपातला जवळजवळ प्रत्येक जण असाच आलेला होता. कुणाची साखर, कुणाचे गुडघे, कुणाची झोप उडालेली. सासूला सोडायला आलेली एक सून बाहेर चपलांजवळ बसून राहायची. महिनाभरानं सासू यायची थांबली आणि सून आजतागायत येते. ज्ञान मिळवायला म्हणून आलेला एकच माणूस मला आठवतो, खानापूरकडचे एक वारकरी आजोबा. त्यांना ज्ञानेश्वरीचा सहावा अध्याय पाठ होता. आसन कसं घालावं, टाच कुठं टेकवावी, मूळबंध, म्हणजे तळाचे स्नायू आत ओढून धरणं, कसा लागतो, हे माउलींनी त्यात मराठीत सांगून ठेवलंय. "जन्मभर म्हटलं, करून बघायचं राहिलं," असं म्हणून ते सत्तराव्या वर्षी आमच्यात येऊन बसले. त्यांच्याबद्दल मला फार आदर आहे. पण दुखणं घेऊन आलेल्यांना कमी लेखू नका. तुमच्या वर्गातही बहुतेक तेच येणार.

योगशिक्षक म्हणून ज्यांचं नाव जगभर झालं त्या बी. के. एस. अय्यंगारांचंही असंच होतं. १९१८ साली कोलार जिल्ह्यातल्या बेळ्ळूरला जन्म, लहानपणी मलेरिया, विषमज्वर, क्षय. १९३४ मध्ये ते म्हैसूरला मेहुण्यांकडं, म्हणजे योगगुरू टी. कृष्णम्माचार्यांकडं गेले, तेव्हा प्रकृती पार खालावलेली होती. शिकवायला लागले तेही काही ठरवून नव्हे. धारवाडला बायकांना योग शिकायचा होता, तर शिष्यांत वयानं सर्वांत लहान म्हणून यांना पुढं केलं. पुढं १९३७ मध्ये पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावर सहा महिन्यांसाठी शिक्षक हवा होता, तेव्हा थोडं इंग्रजी येतं म्हणून यांनाच धाडलं. हे बोलावणं ज्यांच्यामुळं आलं ते डॉ. व्ही. बी. गोखले आपल्या बेळगावात सिव्हिल सर्जन होते, याचा मला इथला माणूस म्हणून अभिमान वाटतो. पुण्यात पोचले तेव्हा अय्यंगारांचं वय अठरा, मराठी येत नव्हतं, आणि समोरचे कॉलेजचे विद्यार्थी अंगानं त्यांच्याहून दणकट. म्हणून ते दिवसाचे तासन् तास एकटे सराव करत राहिले. सहा महिन्यांसाठी गेलेला तो मुलगा २०१४ साली पुण्यातच वारला.

माझ्यावर वेळ आली ती आमच्या सरांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनमुळं. "महिनाभर तू घे," म्हणाले. मला सहा वर्षं झाली होती, आसनं नीट यायची, कंबर कधीच सुटली होती. पहिल्या दिवशी चाळीस डोळे माझ्याकडं बघायला लागले आणि लक्षात आलं, स्वतःच्या अंगाला कळणं वेगळं आणि दुसऱ्याच्या अंगात दिसणं वेगळं. दुसऱ्या आठवड्यात माझ्याकडून चूक झाली. येळ्ळूरकडची एक मावशी पश्चिमोत्तानासनात, म्हणजे पाय पसरून पुढं वाकून, बसली होती, डोकं गुडघ्यापासून हातभर लांब. मी मागून पाठीवर हात ठेवून दाबलं. दुसऱ्या दिवशी ती आली नाही. तिसऱ्या दिवशी तिची मुलगी सांगत आली, आईला उठता येईना झालंय. मी तिच्या घरी गेलो, चूक कबूल केली. तिनं चहा केला, पण परत वर्गाला यायला तिला चार महिने लागले.

सरांना सांगितलं तेव्हा त्यांनी एकच विचारलं, "ती दिवसभर काय करते ते विचारलं होतंस?"

विचारलं नव्हतं. ती भात लावायला जायची. जून-जुलैत आठ-आठ तास चिखलात कंबरेत वाकून. जिचं अंग आधीच दिवसभर पुढं वाकलेलं, तिला मी आणखी पुढं दाबत होतो. तिला पोटावर झोपून करायची भुजंगासन, मकरासन, नुसतं भिंतीला पाठ लावून हात वर नेणं, हे द्यायला हवं होतं. तेव्हापासून मी माणसाचं काम आधी विचारतो, आसन नंतर. शेतातल्या बायका मलासनात सहज बसतात, त्यांना उकिडवं बसणं काय शिकवायचं? पण हात डोक्यावर सरळ नेताना त्यांचे खांदे अडतात. बँकेतल्या माणसाला खाली बसताच येत नाही. बेळगावच्या वडगाव-खासबागला मागावर काम करणारा माणूस उभा राहून राहून पोटऱ्या दगडासारख्या करून येतो. शिलाई मशीनवाल्या ताईंची मान पुढं आलेली असते. पतंजलींची योगसूत्रं दोनशेच्या आत आहेत, त्यांत थेट आसनाविषयीची तीनच, आणि त्यातलं पहिलं 'स्थिरसुखमासनम्', म्हणजे स्थिर आणि सुखाचं ते आसन. त्या मावशीच्या बाबतीत मी स्थिरही ठेवलं नाही आणि सुखही ठेवलं नाही.

दुसरं शिक्षण भाषेनं दिलं. भाषेवरून आपल्याकडं किती तापतं ते निपाणीत राहणाऱ्याला सांगायला नको. पण माझ्या वर्गात निम्मी माणसं घरी कन्नड बोलणारी. मराठीत मी 'श्वास सोडत सावकाश खाली या' असं एका दमात म्हणून टाकायचो. कन्नडमध्ये सांगायची वेळ आली तेव्हा शब्द कमी पडले, म्हणून एकेक गोष्ट वेगळी करावी लागली. 'उसिरु तगोळ्री', श्वास घ्या. थांबायचं. 'उसिरु बिड्री', श्वास सोडा. थांबायचं. 'निधान.' आपल्या मराठीत निधान म्हणजे ठेवा, त्यांच्यात सावकाश. 'साकु' म्हटलं की पुरे. तेवढ्या चार-पाच शब्दांवर वर्ग चालला आणि मला दिसलं की मराठी माणसांनाही तेच जास्त कळतंय. माझी बडबड निम्म्यानं कमी झाली. तुमच्याकडंही दोन्ही बोलणाऱ्या बायका येतील, त्यांच्या शब्दांत सांगायचा प्रयत्न करा. चुकलात तर त्या दुरुस्त करतील आणि त्यातून जवळीकही वाढेल.

आता कोर्सचं. मी तो केला, पण शिकवायला लागल्यावर तीन वर्षांनी, आणि उशीर केला असं आज वाटतं. आधी केला असता तर त्या मावशीची पाठ वाचली असती. शरीररचना, कुठल्या आजारात काय टाळायचं, हठप्रदीपिका या हठयोगावरच्या जुन्या ग्रंथात काय सांगितलंय, हे मोबाईलवर तुकड्यातुकड्यांत मिळतं, पण सलग मिळत नाही. केंद्राच्या आयुष मंत्रालयाचं योग सर्टिफिकेशन बोर्ड लेखी आणि प्रात्यक्षिक परीक्षा घेतं. सुरुवातीची पातळी योग प्रोटोकॉल इन्स्ट्रक्टर, तिचा अभ्यासक्रम २०० तासांचा; त्यावरची वेलनेस इन्स्ट्रक्टर ४०० तासांची. शाळेत किंवा दवाखान्यात काम करायची इच्छा असेल तर पदविका किंवा पदवीच बघा. लोणावळ्याचं कैवल्यधाम १९२४ पासून आहे, स्वामी कुवलयानंदांनी तिथं योगाची प्रयोगशाळेत तपासणी केली. जमलं तर एकदा जाऊन या. पण महिनाभराच्या कोर्सचा कागद हातात आला की आपण शिक्षक झालो, असं मात्र धरू नका. माझ्याबरोबर परीक्षा दिलेल्यांतले कित्येक उत्तम आसनं करत होते, पण समोर दम लागलेला माणूस उभा असला तरी त्यांचं तिकडं लक्ष जायचं नाही.

तर माझं मत असं की दोन्ही एकत्र करा. कोर्सला नाव घाला आणि तो चालू असताना शेजारच्या दोघी-तिघींनाच घ्या, त्याहून जास्त नको. वर्ग म्हणू नका, पैसे घेऊ नका. बरोबर बसून करा. स्वतःलाही एक शिक्षक शोधा, जो तुमचं अंग मागून बघेल. मोबाईलमधला माणूस तुमची पाठ बघू शकत नाही. दोन वर्षं एकटीनं केलंय म्हणजे एखादी चूक अंगात मुरलेली असणार, ती आधी निघायला हवी.

एक वही ठेवा. पहिल्या दिवशी प्रत्येकीला वय, काम, झालेली ऑपरेशनं, चालू गोळ्या विचारून लिहा. रक्तदाबाचा त्रास असेल तर कपालभाती आणि श्वास कोंडणं नको. काचबिंदू असेल तर डोकं खाली जाईल असं काही नको. हर्निया, गरोदरपण, नुकतं झालेलं ऑपरेशन असेल तर डॉक्टरांनी हो म्हटल्याशिवाय सुरूच करू नका. मणक्याचं दुखणं असेल तर पुढं वाकणं थांबवा, आणि चमक गुडघ्याखाली उतरत असेल तर आधी दवाखाना. गुडघा धरणाऱ्या बाईला वज्रासनात बसायचा आग्रह धरू नका, खुर्ची द्या. टीव्हीवर बघून कपालभातीचे शेकडो झटके मारणाऱ्या दोघी-तिघी हमखास येतात. त्यांना ओरडू नका, फक्त आकडा हळूहळू खाली आणा.

गर्दीचं मनावर घेऊ नका. २०१५ पासून २१ जूनला योग दिन होतो, त्या आठवड्यात माझ्याकडं सत्तर माणसं असतात. जुलैत पावसाची झड लागली, लावणीची कामं आली, की बाराच उरतात. त्या बारांतली माणसं वर्षानुवर्षं येतात. येळ्ळूरची ती मावशी त्यातलीच. लावणीच्या दिवसांत ती शेतावर जाण्याआधी येते, वीस मिनिटं मकरासन, भुजंगासन आणि शवासन करते, आणि डबा घेऊन निघून जाते. त्या दिवसांत मी तिला दुसरं काहीच देत नाही.