वाचकांचे प्रश्न : समुद्राचे पाणी मोजताना

प्रश्न : गोव्यातल्या हरमलच्या आमच्या शाळेतली नववीची मुले दर शनिवारी किनाऱ्यावर पाण्याचे तापमान मोजतात. एकाच दिवशी दोन गटांच्या आकड्यांत दीड अंशाचा फरक पडतो. चूक कुठे होते? आणि यातून हवामानबदल कळेल का?

उत्तर : बहुधा थर्मामीटर पाण्याबाहेर काढून वाचला जातो. ओल्या फुग्यावरचे पाणी वाऱ्याने उडून जाते, फुगा थंड होतो आणि पारा पाहता पाहता उतरतो. आकडा नेहमी फुगा पाण्यात असतानाच वाचावा.

बादली प्लास्टिकची, दहा लिटरची घ्या. उन्हात ठेवलेली बादली पाणी तापवते, म्हणून आधी दोनदा समुद्राच्याच पाण्याने विसळा. भरली की सावलीत ठेवून ढवळा आणि दोन मिनिटांच्या आत वाचा. जागाही महत्त्वाची. ओहोटीला पुळणीवरचे उथळ पाणी तापलेल्या वाळूवरून येते. तो आकडा वाळूचा, समुद्राचा नव्हे. गावातल्या रापणकारांना, म्हणजे रापण हे मोठे जाळे टाकणाऱ्या मच्छीमारांना, विनंती करा : होडी लाटांपलीकडे गेली की बादलीभर पाणी काढून तिथेच मोजावे. मुलांना खोल पाण्यात मुळीच उतरवू नका. वेळ सकाळी सातची ठरवा, कारण वारा पडलेल्या दुपारी वरचा पातळ थर एखादा अंश सहज चढतो.

दर महिन्याला थर्मामीटर तपासा. गोड्या पाण्याचा बर्फ ठेचून थर्मासमध्ये भरा, फटी बुजतील इतकेच थंड गोडे पाणी घाला आणि दहा मिनिटांनी वाचा. ०.६ दिसले तर तेवढे प्रत्येक नोंदीतून वजा करायचे. थर्मामीटर आधी धुऊन घ्या. मीठ मिसळले तर बर्फाचे पाणी शून्याखाली जाते आणि सगळी तपासणी फसते. शिवाय दोन्ही गटांचे थर्मामीटर एकदा एकाच बादलीत बुडवून पाहा. तुमचे कोडे कदाचित तिथेच सुटेल.

हवामानाची सरासरी निदान ३० वर्षांची धरतात, आणि एखादे एल निनोचे वर्षही आकडे वर ढकलते. पाच वर्षांत निष्कर्ष काढू नका, पण वही सोडूही नका. ऑगस्टची तुलना ऑगस्टशीच करा. थर्मामीटर बदलला तर महिनाभर जुना-नवा दोन्ही वापरा. हा दुवा तुटला की आधीची सारी वर्षे तुलनेला निरुपयोगी होतात.

प्रश्न : मोरजीला सप्टेंबरात ऊन असूनही पाणी थंड का लागते?

उत्तर : पावसाळ्यात आपल्या किनाऱ्यालगत खोलवरचे थंड पाणी वर सरकून उथळ भागात शिरते. त्यात प्राणवायू मुळातच कमी. त्यावर पावसाचे आणि नद्यांचे हलके गोडे पाणी झाकणासारखे पसरते, त्यामुळे हवेतला प्राणवायू खाली पोहोचत नाही आणि उरलेला जिवाणू संपवतात. दोनापावलाची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था कांदोळीसमोर १९९७पासून हे मोजत आली आहे. पावसाळा सरताना तिथे तळाजवळचा प्राणवायू संपून कुजक्या अंड्यांच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइडही सापडला आहे. हे चक्र दरवर्षीचे आहे. एका सप्टेंबरच्या गारव्यावरून हवामानबदलाबद्दल काहीच म्हणता येत नाही. काठावरच्या लाटांत मात्र हवा सतत घुसळली जाते, म्हणून तिथे प्राणवायू भरपूर दिसतो. त्या आकड्यावरून तळाचा अंदाज बांधू नका. तळाचे पाणी हवे तर होडीतून, दोरीने सोडून खाली गेल्यावर बंद होणाऱ्या बाटलीनेच काढावे लागते.