नुसतं घोकून भागत नाही

'मी निरोगी आहे' असं रोज मनाशी घोकलं की शरीर बरं होतं म्हणतात; मीही वर्षभर घोकलं. काही झालं नाही. पण काळजीने अॅड्रेनालिन, कॉर्टिसॉल ही ताणाची संप्रेरकं वाढतात, छाती धडधडते, झोप उडते हे अगदी खरं. म्हणून तू सुरुवात श्वासापासून कर. श्वास सोडताना घेण्यापेक्षा जास्त वेळ लाव, पाचेक मिनिटं. धडधड मंदावली की डोकंही ऐकायला लागतं.

आणि ते '२१ दिवसांत सवय लागते' वगैरे विसर. लंडनमधल्या एका अभ्यासात साधारण ६६ दिवस निघाले, कुणाला १८, तर कुणाला २५४ (हा बहुधा माझाच भाऊबंद!). मधला एखादा दिवस चुकला तरी फारसं बिघडत नाही. बीपीची गोळी मात्र मनाच्या भरवशावर परस्पर बंद करू नकोस.