फी आधी विचार

प्रिय मुली,

तुझं पत्र दोनदा वाचलं. सातवा महिना, रात्री अडीचला उघडणारे डोळे, कारण नसताना येणारं रडू, आणि सगळ्यात शेवटी ते वाक्य: "आत्ता आणखी खर्च नको, बाळ झाल्यावर बघू." बाकीचं वाचून काळजी वाटली, त्या वाक्यावर मात्र चिडले. अगं, बाळ झाल्यावर बघायला डोळे तरी उघडे राहतात का? नवा थेरपिस्ट शोधून त्याला पहिल्यापासून सगळं सांगणं हे काम दोन तासांच्या तुटक झोपेवर होत नाही. आत्ता सुरू केलंस तर आठवड्याला एक याप्रमाणे प्रसूतीपर्यंत आठ-दहा सेशन सहज बसतात. तेवढ्यात ओळख होते, आणि रात्रीचं एक दूध कोण पाजणार, म्हणजे तुला सलग चार-पाच तास झोप कशी मिळणार, हे कागदावर येतं.

आता पैसे. फी आधी विचार. पहिल्याच फोनवर, दुसऱ्या भेटीला नव्हे. माझ्या पाहण्यात थेरपी सुटते ती बहुतेक वेळा तिसऱ्या-चौथ्या सेशनला, आणि ती मन तयार नाही म्हणून सुटते असं सगळे समजतात. खरं तर पुष्कळदा हिशोब बसत नसतो आणि ते बोलायची लाज वाटत असते. मग बाई फोन उचलणं बंद करते. फीचा विषय शेवटच्या पाच मिनिटांवर ढकलण्याला थेरपिस्ट म्हणून मीही बरीच वर्षं सौजन्य समजत आले. तो भित्रेपणा होता.

एका सेशनची फी कळून काही कळत नाही. सेशन किती मिनिटांचं (बहुधा 45 ते 50), आणि साधारण किती लागतील? या काळातल्या नैराश्यासाठी सीबीटी (विचार आणि वागण्याच्या सवयी बदलण्यावर भर देणारी थेरपी) किंवा आयपीटी (जवळच्या नात्यांवर भर देणारी) घेतली, तर 12 ते 16 सेशनचा अंदाज धरतात. त्या आकड्याने फी गुण, त्यात येण्याजाण्याचं आणि बाळाजवळ कोणी बसवायचं झालं तर त्याचं धर. ही रक्कम परवडते का, ते बघ. नसेल तर उत्पन्नानुसार कमी होणारी फी आहे का, हे सरळ विचार. ही भीक नव्हे. बरेच थेरपिस्ट काही सेशन त्यासाठी राखूनच ठेवतात. शिकाऊ थेरपिस्ट अनुभवी माणसाच्या देखरेखीखाली कमी पैशांत काम करतात, आणि तुझ्यासारख्या तक्रारीला ते पुष्कळदा पुरतं. गटातली थेरपी त्याहून स्वस्त. नोकरीच्या ठिकाणी मोफत समुपदेशन असेल तर ते मोजक्याच सेशनचं असतं, त्यामुळे ते संपल्यावर त्याच व्यक्तीकडे पैसे भरून जाता येईल का, हे आधीच विचारून ठेव.

विमा असेल तर तिथेही हेच. आधी विचार. रुग्णालयात दाखल न होता घेतलेला उपचार धरतात का, पूर्वमंजुरी लागते का, वर्षाला किती सेशन? उत्तर लेखी माग. पावतीवर तारीख, थेरपिस्टचा नोंदणी क्रमांक आणि आजाराचं निदान नसेल तर दावा बहुधा तिथेच अडतो. नवरा-बायकोचं एकत्र समुपदेशन पुष्कळदा धरत नाहीत.

आणि रद्द करण्याचा नियम! बऱ्याच ठिकाणी 24 किंवा 48 तास आधी कळवलं नाही तर पूर्ण फी घेतात. कळा वेळ सांगून येत नाहीत. प्रसूती आणि त्यानंतरचे पहिले काही आठवडे या नियमातून वगळा, असं सुरुवातीलाच म्हण. बाळ मांडीवर घेऊन बसलेलं चालेल का, व्हिडिओवर बोलता येईल का, तेही.

पैसे कमीच असतील तर सगळे आत्ता संपवू नकोस. चार सेशनचे बाजूला ठेव आणि पहिलं प्रसूतीनंतर दुसऱ्या आठवड्यातलं धर. तिसऱ्या दिवसाच्या आसपास येणारं रडू दोन आठवड्यांत ओसरतं; न ओसरलं तर ते निराळं प्रकरण आहे. एडिनबरा प्रश्नावली (बाळंतपणाच्या काळातलं नैराश्य ओळखण्यासाठीची) भर: 10 प्रश्न, गेल्या सात दिवसांबद्दल, एकूण 30 गुण. 13 किंवा अधिक आले तर थांबू नकोस. शेवटचा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचाराचा आहे. त्याचं उत्तर 'कधीच नाही' सोडून काहीही असेल तर बेरीज कितीही कमी असो, त्याच दिवशी कोणाला तरी सांग. थायरॉइड आणि हिमोग्लोबिनही तपासून घे, थकवा तिथूनही येतो. गोळ्या चालू असतील तर मनाने बंद करू नकोस. गरोदरपणात आणि अंगावर पाजताना कोणत्या चालतात, हे मानसोपचारतज्ज्ञ ठरवतो.

एकाच ठिकाणी माझं फीचं पालुपद विसर. बाळंतीण झोपेवाचूनही तरतरीत राहू लागली, नसलेले आवाज ऐकू लागली, बाळाबद्दल विचित्र खात्रीने बोलू लागली, तर थेरपिस्टची वेळ घ्यायची नाही, थेट रुग्णालयात जायचं. हे घरच्यांना आजच सांगून ठेव. तेव्हा तुला स्वतःला ते कळणार नाही.

मला पैशाळ म्हणणारे आहेत. म्हणू देत. रक्कम आधी ठरलेली बाई बाराव्या सेशनपर्यंत पोचलेली पाहिली आहे, आणि मोकळ्या मनाने, पैशाचं नंतर बघू म्हणत आलेली चौथ्याला गायब.

फोनवर काय बोलू, असं विचारलंस. एवढंच म्हण: "मी सात महिन्यांची गरोदर आहे, झोप लागत नाही, रडू येतं. या काळातल्या बायकांबरोबर तुम्ही काम केलंय का? आणि तुमची फी किती?"