७८०५ तापतोय? आधी ट्रान्सफॉर्मर बघा

प्रश्न: सर, दिंडोरीजवळ आमची द्राक्षबाग आहे, ड्रिपचे व्हॉल्व्ह चालू-बंद करायला घरीच बोर्ड बनवलाय. ०-१२ चा ट्रान्सफॉर्मर, ब्रिज (एसीचा डीसी करणारा), १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, ७८०५ (५ व्होल्ट देणारा रेग्युलेटर आयसी), पुढे कंट्रोलर नि ५ व्होल्टचे ४ रिले. सकाळी मस्त चालतो, दुपारी सगळे रिले लागले की रिसेट मारतो. छोटा हीटसिंक (उष्णता बाहेर काढणारी धातूची पट्टी) आहे तरी आयसीला हात लावता येत नाही. नाशकात एमजी रोडला दुकानदार म्हणाला डुप्लिकेट असेल, बदलला, तरी तेच. काय करू?

उत्तर: भाऊ, आयसी बदलत बसू नका, तो बिचारा स्वतःला वाचवतोय. १२ व्होल्ट एसी ब्रिजमधून गेला की कपॅसिटरवर साधारण १५.५ व्होल्ट येतात आणि ७८०५ हा लिनियर, म्हणजे वरचे साडेदहा व्होल्ट तो नुसते उष्णतेत घालवतो. तुमचा करंट ३५० मिलीअँपिअर धरला तर पावणेचार वॅट झाले. एकेक रिले घेतो ०.३६ वॅट आणि त्याच्यापायी आयसीत जळतात ०.७५, म्हणजे दुप्पट! त्यात दुपारी पंपाच्या शेडमध्ये बंद डब्यात ५० डिग्री असणारच, छोटा क्लिपवाला हीटसिंक तिथे पुरत नाही, आतली चिप १४० च्या वर जाते (चालवायची मर्यादा १२५) आणि थर्मल शटडाऊन लागतो, म्हणजे आयसी स्वतःच आउटपुट बंद करतो.

सगळ्यात स्वस्त उपाय, ९ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर लावा. मग सव्वाअकरा व्होल्ट येतील, उष्णता सव्वादोन वॅटवर येईल. पण कपॅसिटर २२०० चा करा, हे विसरू नका, कारण ७८०५ ला इनपुटला किमान ७ व्होल्ट लागतात आणि गावाकडे लाइन २०० व्होल्टवर आली की १००० च्या कपॅसिटरवरचं व्होल्टेज रिपलमुळे (चढउतारामुळे) मधूनमधून ७ च्या खाली जातं, मग पुन्हा रिसेट, आणि तुम्ही पुन्हा आयसीला दोष देणार. ६ व्होल्टचा घेऊ नका, तो पुरणारच नाही. डबा पत्र्याचा असेल तर आयसी पेस्ट लावून सरळ पत्र्याला स्क्रू करा, ७८०५ चा टॅब (मागची धातूची पट्टी) ग्राउंडच असतो. एलएम३१७ (दुसरा रेग्युलेटर आयसी) ला मात्र असं करू नका, त्याचा टॅब आउटपुट असतो, तिथे मधे मायका (वीज न जाऊ देणारा पातळ तुकडा) लागतोच.

पुढे रिले वाढवायचे असतील तर एलएम२५९६ चा बक मोड्यूल (फारशी उष्णता न करता व्होल्टेज कमी करणारा तयार बोर्ड) बरा, फक्त कंट्रोलर जोडायच्या आधी मल्टिमीटरवर ५ व्होल्ट सेट करून घ्या.