डावात 'जिच' झाली की डाव बरोबरीत सुटला?

प्रश्न असा आहे: क्लबमधल्या दोन तुल्यबळ खेळाडूंचा बुद्धिबळाचा डाव. शेवटी दोघांकडे एकेक हत्ती आणि तीन-तीन प्यादी उरली, कुणालाच पुढे सरकता येईना, मग दोघांनी हात मिळवले. वृत्तान्तात 'डावात जिच झाली' असं लिहिलं तर चालेल का?

नाही चालणार. 'बरोबरीत सुटला' असंच लिहा.

'जिच' फारसीतून आला; 'शह' आणि 'मात' यांच्याच गोतावळ्यातला. पटावर त्याचा अर्थ फार काटेकोर आहे. ज्याची खेळी आहे त्याच्या राजाला शह नाही, पण नियमात बसणारी एकही चाल त्याच्याकडे शिल्लक नाही, म्हणजे जिच. काळ्याचा एकटा राजा कोपऱ्यात आहे आणि पांढऱ्याने वजीर आणून त्याच्यापासून बरोबर घोड्याच्या चालीइतक्या, म्हणजे अडीच घरांवर ठेवला, की झालीच. राजाची तिन्ही घरं वजिराने धरलेली, आणि त्याच्या स्वतःच्या घरावर मात्र मारा नाही. जिंकलेला डाव हातचा गेला! (हा वजीर मीही एकदा तिथेच ठेवला आहे.)

म्हणजे पटावर अडकतो तो एकच. समोरच्याकडे बहुधा ढीगभर मोहरी असतात. जिच ही सहसा हरणाऱ्याची सुटका असते, तुल्यबळांचं लक्षण नव्हे. इंग्लंडमध्ये तर 17व्या-18व्या शतकात जिच करणाराच हरला असं धरत. आज दोघांना अर्धा-अर्धा गुण मिळतो, आणि तिथेच घोटाळा होतो: प्रत्येक जिच ही बरोबरी, पण प्रत्येक बरोबरी जिच नव्हे. तीच स्थिती तीनदा आली, मारामारी किंवा प्याद्याची चाल न होता दोघांच्या 50-50 खेळ्या झाल्या, किंवा तुमच्या डावासारखा आपसात समझोता झाला, तरीही बरोबरीच.

गोंधळ वर्तमानपत्री मराठीने वाढवला. तिथे वाटाघाटीत 'जिच निर्माण होते', दोन्ही बाजू अडून बसतात आणि मग एक दिवस 'जिच फुटते'. त्या अर्थाने शब्द आता रुळला आहे, माझी तक्रार नाही. पण पटावरची जिच कधी फुटत नाही. ती झाली त्या क्षणी डाव संपतो. हात मिळवण्याआधीची ती अडलेली अवस्था सांगायचीच असेल तर 'कोंडी' म्हणा.