चिनी क्रांतिकारी साहित्य वाचून माणूस खरंच बदलतो का? कुठून सुरुवात करावी?

बदलतो. पण आधी माझ्या आईचं सांगतो.

१९८२ साल, सोलापूर. मी कॉलेजात होतो आणि आमच्या अभ्यासमंडळात पेकिंगच्या, म्हणजे आजच्या बीजिंगच्या, फॉरिन लँग्वेजेस प्रेसची इंग्रजी पुस्तकं फार स्वस्तात मिळायची. त्यातलं 'रेड क्रॅग' मी घरी आणलं. मूळ कादंबरी १९६१ची, लुओ ग्वांगबिन आणि यांग यियेन यांची. दोघंही चोंगचिंग शहरात, कम्युनिस्टांविरुद्ध लढणाऱ्या राष्ट्रवादी सरकारच्या तुरुंगांत कैदी होते, त्यामुळे कादंबरीतल्या तुरुंगाच्या भिंतींचा ओलावासुद्धा खरा वाटतो.

आई संध्याकाळी मांडीवर सूप घेऊन विड्या वळायची. तिला वाचता येत नव्हतं. मी रोज दहा-बारा पानं वाचून मराठीत सांगायचो. कादंबरीची नायिका, कम्युनिस्ट कार्यकर्ती ज्यांगताई नवऱ्याचं मुंडकं वेशीवर टांगलेलं बघते, बोटांत बांबूच्या काड्या घुसवल्या तरी एक नाव सांगत नाही, कोठडीत लाल निशाण शिवते. आई ऐकत राहायची, हात चालू. एके दिवशी मात्र कात्री थांबली. "आन् तिचं पोरगं? ते कुनाजवळ हाय?"

मला उत्तर देता आलं नाही. मंडळात मी तो प्रश्न मांडला, तर मंडळ चालवणारे सर म्हणाले, ही निव्वळ भावुकता आहे, असले प्रश्न वाचकाला मागे खेचतात. चारचौघांत माझ्या आईला भावुक म्हटलं आणि मी खाली मान घालून बसलो. ते मला अजून टोचतं.

ज्यांगताई खऱ्या बाईवरून घेतली आहे, ज्यांग जूयुन. १४ नोव्हेंबर १९४९ला राष्ट्रवादी सरकारने तिला मारलं, बीजिंगमध्ये कम्युनिस्टांच्या प्रजासत्ताकाची घोषणा होऊन दीड महिना झाला होता. त्याच ऑगस्टमध्ये तिने बांबूच्या काडीने, कापूस जाळून केलेल्या शाईने तुरुंगातून पत्र लिहिलं. त्यात मुलाची काळजी आहे: त्याचे लाड करू नका, साधे कपडे, साधं जेवण पुरे. तो तेव्हा तीन वर्षांचा होता. माझ्या आईने जे विचारलं तेच ज्यांगताई मरणाआधी लिहीत होती! हे मला कळलं तेव्हा आईला जाऊन सहा वर्षं झाली होती.

तर सुरुवात लू शुन या चिनी लेखकापासून करा, आणि त्याच्या 'औषध'पासूनच. १९१९ची छोटी कथा. चहाचं दुकान चालवणारा म्हातारा क्षयाने खंगलेल्या मुलासाठी रक्तात भिजवलेला वाफवलेला पाव विकत आणतो. रक्त असतं नुकत्याच शिरच्छेद झालेल्या क्रांतिकारकाचं. लोकांसाठी मेला त्याचं रक्त लोक औषध म्हणून खातात, आणि पोरगा तरीही जातो. शेवटी स्मशानात दोन आया समोरासमोर येतात. त्या क्रांतिकारकाचं नाव शिया यू, त्यामागे च्यू जिन ही खरी क्रांतिकारक बाई आहे, १९०७मध्ये लू शुनच्या गावात, शाओशिंगला शिरच्छेद झालेली. आडनावांतच खूण आहे: शिया म्हणजे उन्हाळा, च्यू म्हणजे शरद. लू शुनने आयांना कथेत जागा दिली. सरांनी ती मंडळात दिली नाही.

एक सांगायला हवं. १९४२मध्ये येनान या कम्युनिस्टांच्या तळावर केलेल्या भाषणांत माओने साहित्य कामगार, शेतकरी आणि सैनिकांच्या सेवेला जुंपलं, आणि नंतरच्या कादंबऱ्यांत नायक फार उजळ, खलनायक फार काळे झाले. 'रेड क्रॅग'ही त्यातलीच. तुरुंगातून वाचलेला लुओ ग्वांगबिन १९६७मध्ये माओच्या सांस्कृतिक क्रांतीत रेड गार्डांच्या, म्हणजे माओच्या तरुण समर्थकांच्या, कैदेत मेला. हे माहीत असूनही ज्यांगताईपाशी माझे डोळे भरतातच. दोन्ही खरं आहे.

'औषध' मोठ्याने वाचून दाखवा, घरातल्या कुणालातरी. मध्येच प्रश्न आला तर पुस्तक खाली ठेवा आणि आधी त्याचं उत्तर द्या.